वर जाणारी धूळ

घर तापवणारी भट्टी तपासायला आलेल्या माणसाने पंख्याच्या पेटीतून हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या चारही बोटांवर तपकिरी थर होता. मऊ, दाट, उंदराच्या अंगावरच्या लवेसारखा. त्याने तो अंगठ्याने गोळा केला, नाकापाशी नेला आणि म्हणाला, "अक्रोड."

"हो, अक्रोडच," गेरिट डाइकहाउस म्हणाला आणि त्याला उगीचच बरं वाटलं. नुसत्या वासावरून लाकूड ओळखणारी माणसं ग्रँड रॅपिड्समध्ये आता फार उरली नव्हती. हा सोतेलो नावाचा पन्नाशीचा जाडसर माणूस. त्याचा बाप म्हणे खुर्च्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. दोघे तळघरात भट्टीपाशी उकिडवे बसले होते. बाहेर ऑक्टोबर संपत आला होता, सरोवरावरून आलेले ढग गेले आठ दिवस शहरावरून हलले नव्हते, आणि थंडी सुरू व्हायच्या आत भट्टी एकदा बघून घ्यायची हा घरातला दरवर्षीचा रिवाज होता. बायको, आर्लीन, गेल्यावरही तो मोडायचं काही कारण नव्हतं.

"फिल्टर मी दर तीन महिन्यांनी बदलतो," गेरिट म्हणाला. "तारीख लिहून ठेवतो त्याच्यावर."

"बघितली. अक्षर छान आहे तुमचं." सोतेलोने बोटं पँटला पुसली. "पण फिल्टर जाडंभरडं अडवतो, मिस्टर डाइकहाउस. हे पिठापेक्षा बारीक आहे. हे सगळ्यातून जातं." त्याने विजेरी उचलली आणि झोत छतावर टाकला. पत्र्याच्या चौकोनी नळीला तिथे एक जाळी होती, आणि जाळीच्या बरोबर खाली टेबलात बसवलेली गोल करवत. "हे तोंड इथे कुणी ठेवलं?"

"घर आधीचं. करवत नंतर आली."

"म्हणजे करवत तुम्ही ठेवलीत." तो हसला. "हे तोंड हवा आत ओढतं, भट्टी ती तापवते आणि वर खोल्यांमधून सोडते. तुम्ही इथे फळी कापणार, आणि वर पलंगावर ती पोचणार. घरपोच सेवा! वर कोण असतं?"

"आता कोणी नाही."

"मग हरकत नाही," सोतेलो मोकळेपणाने म्हणाला, आणि पंख्याची पेटी पुसायला पुन्हा आत वाकला.

तो गेल्यावर गेरिट बराच वेळ करवतीसमोर उभा राहिला. ती त्याने बावीस वर्षांपूर्वी घेतली होती, एका म्हाताऱ्या सुताराच्या विधवेकडून. ओतीव लोखंडाचं टेबल, खाली पत्र्याची पेटी, मागची बाजू सताड उघडी आणि तिथून बाहेर लोंबणारी मोटर. पेटीला तळ नव्हता. खाली जमिनीवर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं असायचं, त्यात पडेल तेवढा भुसा पडायचा, बाकीचा मागून उडायचा आणि पात्याच्या दातांना धरून वर यायचा तो त्याच्या छातीवर, चष्म्यावर, भुवयांत. आर्लीन त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबवायची आणि कपड्यांच्या ब्रशने झाडायची. "अजून थोडा वेळ उभा राहिलास तर पालवी फुटेल तुला," असं म्हणायची. ती हसायची आणि मग तिला ठसका लागायचा. ठसका नंतर लागायला लागला. सुरुवातीची कित्येक वर्षं ती नुसतीच हसायची. पण आता आठवताना त्या हसण्यालाही शेवटी ठसका जोडला जात होता, आणि नक्की कुठल्या वर्षापासून, ते काही केल्या सापडत नव्हतं.

चौतीस वर्षं त्याने शहराच्या पाणी खात्यात नळांचे नकाशे काढले होते. कुठल्या रस्त्याखालून किती इंची नळ गेलाय, कुठे तो वळतो, कुठे उतार पुरेसा नाही म्हणून गाळ साठतो, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. काटकोनात वळवलेला नळ दाब खातो. अरुंद नळातून जास्त मागाल तर काहीच मिळत नाही. गळती नेहमी जोडावर असते. ही वाक्यं त्याने खात्यात नव्या आलेल्या माणसांना इतक्यांदा ऐकवली होती की त्याच्या मागे ते त्याची नक्कल करायचे. आणि तोच माणूस बावीस वर्षं एका उघड्या तोंडाखाली उभा राहून लाकूड कापत होता. पाण्याला रंग नसला तरी ते दिसतं, हाताला लागतं. हवेचा नकाशा काढायला त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ही सबब मनात तयार झाली तशी ती त्याला ओळखीची वाटली. खात्यात चौकशी लागली की लोक अशाच आवाजात बोलायचे.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कामाला सुरुवात केली. आधी छतावरची जाळी पत्र्याने बंद केली आणि पत्र्याच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली. त्याला पाच मिनिटं लागली. हात वर धरून खांदा दुखला म्हणून तो खाली बसला, आणि पाच मिनिटं हा आकडा त्याच्याजवळ येऊन बसल्यासारखा झाला. मग तो उठला आणि करवतीच्या पाठीकडे वळला. मागची उघडी बाजू झाकायला प्लायवूड हवं होतं, पण मोटर तिथून बाहेर येते आणि पातं तिरकं केलं की तीही सरकते. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना कापून, मोटर शेवटपर्यंत हलवून, पुन्हा कापून, असं चार वेळा करावं लागलं. पेटीला त्याने तळ केला, सपाट नाही, चारही बाजूंनी मधे उतरणारा, धान्याच्या कोठीच्या तळासारखा, म्हणजे भुसा कोपऱ्यात बसणार नाही. मधल्या भोकाला चार इंची पाइप. टेबल आणि पेटी यांच्यामधे बोटभर फट सगळीकडून होती. ती फोमने बुजवली. घर झाडायचा जुना व्हॅक्यूम त्याने बाजूला सारला, कारण त्याची नळी मनगटाएवढीही नव्हती, आणि मोठा पंखा असलेलं धूळ ओढायचं यंत्र आणवलं. यंत्राच्या आधी एक उंच नरसाळं बसवलं. त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा खाली पिंपात पडतो आणि हवा पुढे जाते. पुढे गेलेली हवासुद्धा पुन्हा तळघरात सोडायची नाही म्हणून त्याने खिडकीची एक काच काढून तिथून पाइप बाहेर नेला. वळणं सगळी लांब आणि सावकाश. काटकोन एकही नाही.

हात कामात असले की डोकं मोकळं राहतं असं तो पूर्वी म्हणायचा. आता तेच नको होतं. फोमची पट्टी दाबता दाबता त्याला चर्च दिसायचं. आर्लीन गाणाऱ्यांच्या समूहात दुसऱ्या रांगेत उभी राहायची, डावीकडून तिसरी, आणि तो खाली बाकावर, तोंडात पेपरमिंट धरून. प्रवचन सुरू झालं की सगळ्या बाकांवर पेपरमिंटचे कागद चुरचुरायचे. एका रविवारी, ती जायच्या आधी तीन वर्षं असेल, त्याच्या लक्षात आलं होतं की लांबवायच्या सुरावर आर्लीनचे ओठ हलताहेत पण ती गात नाहीये. श्वास संपला की ती नुसतं तोंड उघडं ठेवायची आणि बाजूच्या बायकांचा सूर तिच्या तोंडातून आल्यासारखा दिसायचा. त्याने ते पाहिलं. पेपरमिंट जिभेखाली सरकवलं. घरी जाताना गाडीत तो विचारणार होता, आणि तिनेच विषय काढला, पाहुण्यांसाठी वाटाण्याचं सूप करायचं का, आणि तो म्हणाला, कर. त्यानंतर तो दर रविवारी तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, पाठीमागच्या ऑर्गनच्या नळ्यांकडे बघायचा. कपडे धुण्याचं यंत्रही इथेच तळघरात होतं, करवतीपासून सात पावलांवर. ती टोपली कमरेवर घेऊन उतरायची, तो हाताने खूण करायचा की एवढी फळी होऊ दे, आणि ती थांबायची. थांबायची म्हणजे तिथेच उभी राहायची. तोंडावर रुमाल कधी धरला होता का तिने? एकदा धरला होता. त्याला वाटलं होतं, आवाजाला वैतागली.

हवेतली बारीक धूळ मोजणारं एक छोटं मीटर त्याने मागवलं. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून त्याने आधी धूळ ओढायचं यंत्र बंद ठेवलं, पेटीची मागची बाजू उघडी केली, छताचा पत्रा काढला, सगळं होतं तसं केलं, आणि अक्रोडाची एक फळी उभी चिरली. फक्त एक. मीटरवरचा आकडा चढत चढत साडेचारशेवर गेला, आणि करवत थांबवल्यावरही तिथेच राहिला. तो दिवा घालवून विजेरी धरून उभा राहिला. झोतात कण तरंगत होते, खाली पडत नव्हते. जाडा भुसा केव्हाच जमिनीला लागला होता. हे त्याला वजन नसल्यासारखे, कुठेही जायची घाई नसल्यासारखे. दुपार होती, वर रस्त्यावर शाळेची बस थांबून गेली. वीस मिनिटं झाली तरी ते तरंगतच होते. मग त्याने सगळं पुन्हा बंद केलं, यंत्र लावलं, तीच फळी पुन्हा चिरली. आकडा नऊवर गेला, अकरा झाला, परत सहावर आला. गेरिटला आनंद झाला. तो आनंद खरा होता, अंगभर पसरलेला, एखादा नकाशा कागदावर बरोबर बसल्यावर व्हायचा तसा. आणि वर हाक मारायला त्याने तोंड उघडलं सुद्धा. नुसता "आ" बाहेर पडला. मग तोंड तसंच मिटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी त्याने फुप्फुसाच्या डॉक्टरांची वेळ मागितली. फोनवरच्या बाईने विचारलं, पेशंट तुम्ही का? तो म्हणाला, माझी बायको. तारखा बघते म्हणाली आणि मग थोडी गप्प झाली, कारण तिच्या समोर नोंद आली असणार. तरी तिने वेळ दिली.

डॉक्टर प्रेव्हो ही बारीक चणीची, केस अगदी आखूड ठेवणारी बाई होती. आर्लीन तिला आवडायची. गेरिटने आपलं म्हणणं नीट क्रमाने मांडलं: तळघर, जाळी, अक्रोड, बावीस वर्षं. खिशात त्याने एक आकृतीही आणली होती, बाण काढलेली. ती त्याने टेबलावर उलगडली. डॉक्टरांनी ती बघितली, फार वेळ बघितली, आणि चष्मा काढला.

"तुम्हाला मी काय सांगावं असं वाटतं तुम्हाला?"

"मी केलं का, एवढंच."

"माहीत नाही. खरंच माहीत नाही, मिस्टर डाइकहाउस. अशी फुप्फुसं धूळ नसलेल्या घरातही होतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही. धुळीने वाढलं असेल कदाचित. नसेलही."

"आधी कळलं असतं तर?"

"तर मी म्हटलं असतं, धूळ बंद करा. बंद करून किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकणार नाही."

"पण तुम्ही विचारलं नाहीत."

हे जरा कठोरपणे बाहेर पडलं. डॉक्टरांनी संगणकाकडे खुर्ची वळवली, नोंदी वर खाली केल्या, आणि मग हळू म्हणाल्या, "मी प्रत्येकाला विचारते. पहिल्याच भेटीत. घरात पक्षी पाळले आहेत का, भिंतींना बुरशी आहे का, घरात कोणी लाकूडकाम करतं का. त्यांनी तिन्हीला नाही म्हटलंय."

"तिला प्रश्न कळला नसेल."

"मी दोनदा विचारते," डॉक्टर म्हणाल्या.

तो घरी आला तेव्हा मार्नीची गाडी दारात होती. त्याची एकुलती एक मुलगी, सेहेचाळीस वर्षांची, लॅन्सिंगला लायब्ररीत नोकरी. महिन्यातून एकदा यायची, फ्रिज उघडून बघायची आणि काय काय फेकायचं ते ठरवायची. आताही ती तेच करत होती.

"हे चीज तुझ्यापेक्षा म्हातारं आहे, बाबा. कुठे गेला होतास?"

त्याने कोट न काढता सांगून टाकलं. सोतेलोपासून डॉक्टरांपर्यंत सगळं. सांगताना त्याला वाटत होतं की हे फार लांबतंय, पण मधे थांबता येत नव्हतं. मार्नी फ्रिजचं दार धरून उभी होती. त्यातला दिवा तिच्या एका गालावर पडला होता. अखेर तिने दार लावलं.

"आईला डॉक्टरांनी विचारलं आणि ती नाही म्हणाली."

"दोनदा."

"आणि तू कुठे होतास? पहिल्या भेटीला तू गेला होतास ना तिच्याबरोबर?"

"गाडी लावायला गेलो होतो," गेरिट म्हणाला. हेच तो तीन वर्षं म्हणत आला होता, स्वतःलाही. पण आता ते तोंडातून बाहेर आलं आणि टेबलावर पडून राहिलं. "नाही. गाडी लावायला नाही. तिला दारात सोडलं आणि लाकडाच्या वखारीत गेलो. तिथून दोन चौकांवर आहे. चेरीच्या फळ्या आल्या होत्या. तीच म्हणाली, तासभर लागेल, तू जाऊन ये. आणि मी गेलो. मला बरंच वाटलं जायला."

मार्नी खुर्चीवर बसली. तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी आणले, पुन्हा पसरले.

"तुला एक सांगू? सांगायचं नव्हतं मी." तिचा आवाज रागाचा नव्हता. "आई मला दुपारी फोन करायची ना, तेव्हा मागे नेहमी करवत चालू असायची. मी एकदा म्हटलं, अगं केवढा आवाज, तो थांबल्यावर कर की फोन. तर म्हणाली, नको, तो खाली आहे तोवरच मला मनासारखं खोकता येतं. तो वर असला की मला दाबून धरावं लागतं, आणि मग तो माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. ते मला सहन होत नाही, म्हणाली. करवत थांबली की फोन ठेवायची. बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात."

गेरिटला कोटात एकदम उकडायला लागलं. त्याने बटणं काढली पण कोट काढला नाही. खाली असताना वर सगळं शांत आहे असं त्याला वाटायचं, ते आठवलं. करवत थांबवून, कानावरची संरक्षक वाटी एका बाजूने उचलून तो ऐकायचा. काही ऐकू यायचं नाही. म्हणजे आज बरी आहे, असं वाटून तो पुढची फळी घ्यायचा. ते ऐकणं त्याने स्वतःच्या नावावर चांगल्या बाजूला लिहून ठेवलं होतं. वर ती तेव्हा नुकताच फोन ठेवून, दोन्ही हात तोंडावर दाबून बसलेली असेल. पुढची फळी कधी सुरू होतेय याची वाट बघत. म्हणजे तिला धूळ हवी होती असं नाही, आवाज हवा होता. आणि आवाज हवा असेल तर डॉक्टरांपुढे लाकूडकाम नाही असंच म्हणावं लागणार, नाहीतर करवत बंद झाली असती. यात प्रेम होतं की त्याच्याबद्दलची कीव, की नुसताच थकवा, हे त्याला एकमेकांपासून वेगळं काढता येईना.

"तू मला का सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" मार्नी म्हणाली. मग लगेच, "माहीत नाही, बाबा. ती म्हणाली सांगू नकोस. मला पण तेच सोपं होतं." थोड्या वेळाने ती उठली. "चल. दाखव मला काय केलंयस ते."

"आत्ता कशाला."

"दाखव."

ती पुढे, तो मागे, असे दोघे उतरले. तिने सगळं बघितलं: पाठीमागचं प्लायवूड, उतरता तळ, नरसाळं, खिडकीतून बाहेर जाणारा पाइप. वाकून फटींवरून बोट फिरवलं. तिच्या नकळत तिच्या तोंडून "छान झालंय" असं गेलं. काही बनवलंस का यावर, तिने विचारलं. तो म्हणाला, नाही. नुसतं कापून बघतो. भिंतीशी कापलेल्या अक्रोडाच्या काठ्यांचा ढीग होता, सगळ्या सारख्या जाडीच्या, कशाच्याही उपयोगाच्या नाहीत.

"चालव," ती म्हणाली.

त्याने यंत्र लावलं, मग करवत. फळी सरळ रेषेत चिरत गेली. मार्नी जिन्याच्या पायथ्याशी तोंड किंचित उघडं ठेवून उभी होती, श्वास आत घेत. मीटर तिच्या पायाजवळ होतं पण तिने त्याकडे पाहिलं नाही. त्याने आधी करवत बंद केली, मग यंत्र, आणि पाइपातली हवा सुस्कारत थांबली. तिने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि तळवा उलटा करून बघितला. स्वच्छ होता.

"काहीच येत नाही," ती म्हणाली. "नुसता वास येतो. तोही थोडाच."

"वळणं सावकाश ठेवली. आणि जोड सगळे बंद केले. गळती नेहमी जोडावर असते." तो भराभर बोलत होता; थांबलं तर काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. "जाळी तर पाच मिनिटांत झाली. बाकीच्यालाच वेळ लागला."

"किती?"

"काय?"

"सगळं धरून. किती दिवस लागले तुला?"

त्याने तारखा पेटीच्या तळावर पेन्सिलीने लिहिल्या होत्या, सवयीने. बघायची गरज नव्हती. तरी तो वाकला, पाइप थोडा बाजूला केला, आणि खाली वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "एकोणीस."

वर रस्त्यावरून कुणीतरी पानं ओढत होतं. तो वर बघत नव्हता, पण मार्नीचे बूट त्याला दिसत होते, ते हलले नाहीत. मग तिने कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तशा साध्या आवाजात म्हटलं, "करवत बंद असती तरी तेवढे दिवस तिने खोकून काढले असते, बाबा, तुझ्यासमोर."

ती वर गेली. स्वयंपाकघरात नळ सुटला, काही वेळ वाहिला, बंद झाला. गेरिटने करवतीच्या कडेला हात टेकून उठायचा प्रयत्न केला, आणि पहिल्या खेपेला त्याला ते जमलं नाही.